सुकी बाग

पिंपळाचं पान आठ-पंधरा दिवस पाण्यात कुजत ठेवायचं, मऊ झालेला हिरवा गर बोटाने हलकेच निपटून काढायचा आणि उरलेली जाळी वहीत दाबून ठेवायची. मराठी शाळांतल्या कितीतरी पिढ्यांनी हा उद्योग केला आहे. त्याच वहीत ‘विद्या’ म्हणून मोरपंखीची डहाळी असते आणि शेवटच्या पानांत चार बकुळीची फुलं. बकुळ सुकून तपकिरी होते, पण वास सोडत नाही. हे सगळं मुलं मुलांकडूनच शिकतात. फूल कागदात दाबून, सुकवून, दुसऱ्या कागदावर डकवून शतकानुशतकं टिकवायचं, या तंत्राला मात्र गाव आहे, काळ आहे आणि माणूसही आहे.

माणसाचं नाव लुका गिनी (१४९०–१५५६). इटलीत आधी बोलोन्याला आणि मग पिसाला तो औषधी वनस्पती शिकवायचा. त्या काळी वैद्याला झाड ओळखता येणं हा जीवनमरणाचा प्रश्न होता आणि हाताशी होते ते जुने ग्रीक ग्रंथ, त्यांतली नकलेवरून नक्कल होत बिघडलेली चित्रं. गिनीने १५४४च्या सुमारास पिसात विद्यापीठाची बाग उभी केली. पण बाग हिवाळ्यात झोपते, वर्ग चालूच असतात. मग त्याने झाडं मुळासकट उपटून कागदांच्या मध्ये दाबली, सुकली की पानांवर चिकटवली आणि ती पानं पुस्तकासारखी बांधली. अशा पुस्तकाला लॅटिनमध्ये ‘हॉर्तुस सिक्कुस’ म्हणू लागले, म्हणजे सुकी बाग. दुसरं नाव होतं हिवाळी बाग.

कल्पना इतकी सोपी, तर ती आधी कोणाला का सुचली नाही? उत्तर कागदात आहे. चामड्याच्या पानाला ओल शोषता येत नाही, कागदाला येते. छापखाने आल्यावर कागद मुबलक झाला, तेव्हाच एकेका झाडावर दहा-दहा ताव खर्च करणं परवडू लागलं.

गिनीने स्वतः फारसं काही छापलं नाही. त्याची स्वतःची सुकी बागही आज शिल्लक नाही. पण तो झाडं पत्रातून पाठवायचा. मात्तिओली नावाच्या समकालीनाचा वनस्पतींवरचा ग्रंथ निघाला, तेव्हा गिनीने आपला योजलेला ग्रंथ बाजूला ठेवला आणि आपली टिपणं त्यालाच देऊन टाकली. असा शिक्षक विद्यार्थ्यांमध्ये उरतो. त्याचा शिष्य आंद्रेआ चेझालपीनो याने १५६३ साली बांधलेला ७६८ वनस्पतींचा संग्रह आजही फ्लॉरेन्समध्ये उघडून पाहता येतो. दुसरा शिष्य उलिस्से आल्द्रोवांदी याचे जाड खंड बोलोन्यात आहेत.

‘हर्बेरियम’ या शब्दाचा अर्थ तोवर वेगळा होता. झाडपाल्यावरचं पुस्तक, एवढाच. १७००च्या सुमारास फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ तूर्नफोर याने तो सुकवलेल्या संग्रहासाठी वापरला, स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने उचलला आणि तोच रूढ झाला. लिनियसने आणखी एक फार मोठी गोष्ट केली. त्याने बांधणी सोडून दिली. सुटा ताव, एका तावावर एक झाड, ताव कपाटाच्या खणात. नवी माहिती मिळाली की ताव उचलून दुसऱ्या खणात ठेवायचा. आज जगभर हीच रीत आहे.

आणि तेव्हापासून आजतागायत एकच अडचण आहे: रंग.

कॉसमॉसचं एक फूल घ्या. सकाळचं दव उडाल्यावर खुडायचं, पाकळ्या एकमेकींवर चढणार नाहीत अशा टीपकागदावर मांडायच्या, वर दुसरा कागद, मग जुनी वर्तमानपत्रं, मग फळी आणि वजन. पहिले तीन-चार दिवस कागद रोज बदलायचा. हा कंटाळा केला की बुरशी आलीच. आठवड्याने फूल कागदासारखं खुळखुळीत होतं. आकार, शिरा, केसरांची संख्या, सगळं जसंच्या तसं. पण गुलाबीत जांभळट छटा शिरलेली असते. लाल, जांभळा, निळा हे रंग ज्या द्रव्यांनी येतात ती आम्लता बदलली की बदलतात आणि उजेडात विटतात. पिवळा त्यामानाने इमानी. मोगरा आणि चाफा तर दाबताच काळवंडतात, कारण चेंगरलेल्या पेशींतला रस हवेला लागतो. म्हणून पानाफुलांची चित्रं करणारे कलावंत आधी रंग टिकवणारी फुलं शोधतात. निळा हवा तर लार्कस्पर, तो चांगला राहतो. आणि चित्र काचेबंद करून उन्हापासून लांब.

या अडचणीला सर्वांत देखणं उत्तर दिलं ते मेरी डेलनी या इंग्रज बाईने, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. तिचा दुसरा नवरा १७६८ साली गेला. त्यानंतर ती पोर्टलंडच्या डचेसकडे बुलस्ट्रोडला जाऊन राहायची. त्या घरी शास्त्रज्ञांचा राबता होता. १७७२ साली तिच्या नजरेस पडलं की शेजारच्या जिरेनियमच्या फुलाचा रंग आणि टेबलावरच्या लाल कागदाच्या तुकड्याचा रंग अगदी एक आहे. तिने कात्री घेतली. पुढची दहा वर्षं, नजर साथ देईपर्यंत, ती पाकळी न्‌ पाकळी, केसर न्‌ केसर रंगीत कागदातून कापून काळ्या कागदावर डकवत राहिली. एका फुलात शेकडो तुकडे. मध्येच एखादं खरं वाळलेलं पान बेमालूम बसवलेलं. अशी ९८५ फुलं तिने केली, हजार करायची होती. मागच्या बाजूला शास्त्रीय नाव, तारीख, ठिकाण, एखाद्या वनस्पतिशास्त्रज्ञाने लिहावं तसं. ती चित्रं ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. खऱ्या फुलांचे त्या काळचे ताव मातकट झाले. डेलनीची कागदी फुलं अजून टवटवीत दिसतात.

अमेरिकेत कवयित्री एमिली डिकिन्सनने शाळकरी वयात केलेली वही डेलनीच्या कामाच्या अगदी उलट आहे. चामडी पाठीची, ६६ पानांची, ४२४ वनस्पतींची. पहिल्याच पानावर आपल्या जाईच्या कुळातलं फूल आहे. नावांच्या चिठ्ठ्या तिच्याच अक्षरात, पण मांडणी शास्त्राची नाही. कोण कोणाशेजारी शोभेल हे पाहून लावलेली आहे. पुढे ती पत्रांतून कविता पाठवायची आणि बरोबर दाबलेलं फूल. आता ही वही हार्वर्डच्या ग्रंथालयात आहे आणि इतकी नाजूक झाली आहे की अभ्यासकही तिची प्रतिकृतीच पाहतात.

क्रांतिकारक रोझा लक्झेंबर्गने १९१३ साली वनस्पतींच्या वह्या सुरू केल्या. पहिल्या महायुद्धात तुरुंगात असतानाही, हाती लागेल ते आणि मैत्रिणी देतील ते ती डकवत राहिली. शेवटच्या नोंदी ऑक्टोबर १९१८च्या आहेत. जानेवारीत तिचा खून झाला. क्रांतिकारकाच्या कागदपत्रांत या वह्यांना किरकोळ मानणं चूक आहे. भिंतीआड ऋतू मोजायचं दुसरं साधन तिच्याजवळ काय होतं?

गिनीची रीत महाराष्ट्रातही शंभराहून अधिक वर्षं नांदते आहे. मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात स्विस पाद्री एथेलबर्ट ब्लॅटर यांच्या नावाचं हर्बेरियम आहे, त्यात लाखावर नमुने आहेत. तिथेच काम केलेल्या फादर सांतापाव यांनी खंडाळ्याचा घाट पिंजून काढला आणि १९५३ साली तिथल्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं आणि आघारकर संस्थेचं संग्रहालय आहे. पावसाळ्यात सह्याद्रीत गुडघाभर गवतातून हिंडायचं, पाठीवर लाकडी दाबपेटी, रात्री मुक्कामी ओले कागद बदलत बसायचं, हे काम या लोकांनी ऋतूमागून ऋतू केलं आहे.

शिवनेरीच्या कड्यांवर शिंदळ माकुडी नावाची एक वनस्पती आहे. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६०च्या दशकात तिचं वर्णन केलं आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचं नाव तिला दिलं. मूठभर कड्यांखेरीज ती जगात कुठे उगवत नाही. तिचं खोड मांसल, पाणी साठवणारं. असं झाड दाबपेटीतही मरायला तयार नसतं, कागदांच्या मध्ये कोंब फोडतं. म्हणून मांसल झाडं आधी उकळत्या पाण्यातून काढतात आणि मग दाबतात. फुलाची चांदणी तपकिरी-लाल, वर पिवळे ठिपके. तावावर हा रंग काही वर्षांत ओळखू येणार नाही, हे गोळा करणाऱ्याला ठाऊक असतं. मग तो तावाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर गाव, उंची, तारीख घालतो आणि फूल अजून ओलं आहे तोवर त्याचा रंग शब्दांत लिहून ठेवतो.