गोव्याची आगगाडी आणि घाटमाथ्यावरील सीमा

मुंबईहून गोव्यास जाणें ही आज एका रात्रीची गोष्ट झाली आहे. १९९८ सालीं कोंकण रेल्वेचा मार्ग संपूर्ण खुला झाला आणि रात्रीं गाडींत बसलेला प्रवासी सकाळीं मडगांवास उतरूं लागला. पूर्वीच्या पिढ्यांस हा प्रवास इतका सुलभ नव्हता. त्यांची आगगाडी पुणें, मिरज, बेळगांव अशी घाटावरून फिरून जाई आणि सह्याद्रीच्या माथ्याशीं एक सीमा ओलांडी. सीमेच्या अलीकडे इंग्रजांचें राज्य, पलीकडे पोर्तुगिजांचें. दोन्हींकडे कुलदैवतें तींच, सोयरिकीही त्याच. निराळें होतें तें केवळ सरकार. ही वाट कशी निर्माण झाली आणि तिच्यावरील प्रवासाचा बेत कसा आंखावा लागे, हा इतिहास उद्बोधक आहे.

या लोहमार्गाचें मूळ डिसेंबर १८७८ मध्यें झालेल्या इंग्रज-पोर्तुगीज तहांत सांपडतें. तो १८८० सालीं अंमलांत आला. मुरगांवचें बंदर उत्तम आणि आश्रयाचें. परंतु त्याच्या पाठीशीं सह्याद्रीची भिंत उभी. घाटावरचा कापूस आणि धान्य या बंदरावर आणतां आलें, तर गोव्याचें गेलेलें वैभव परत येईल, अशी पोर्तुगिजांची आशा होती. इंग्रजांसही दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटक यांतील मालासाठीं जवळचें बंदर हवें होतें. मात्र त्यांनीं आपल्या संमतीची किंमत पुरेपूर वसूल केली. दोन्ही मुलुखांमधील जकात उठविण्यांत आली, आणि गोव्यांतील मिठाचा व्यवहार इंग्रजांच्या नियंत्रणाखालीं गेला. त्याबद्दल पोर्तुगीज सरकारास दरसाल ४ लक्ष रुपये मिळावयाचे ठरले. तह दोन सरकारांत झाला. त्याची झळ मात्र मिठागरांवर राबणाऱ्या गरिबांना लागली. कित्येक आगरें बंद पडलीं आणि समुद्रकांठच्या मनुष्यासही मीठ महाग झालें.

मार्ग बांधण्याकरितां १८८१ सालीं इंग्लंडमध्यें एक कंपनी स्थापन झाली. तिच्या भांडवलावरील व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारानें घेतली. मुरगांवपासून रूळ पडत गेले आणि १८८८ सालीं ते घाट चढून कॅसलरॉकला पोंचले. पलीकडून सदर्न मराठा रेल्वेचा मार्ग त्यांस येऊन मिळाला. घाटांतील काम अत्यंत अवघड होतें. बोगद्यांमागून बोगदे, दर ४० फुटांस १ फूट असा चढ, आणि मधोमध दूधसागराचा सुमारें ३१० मीटर उंचीचा धबधबा. त्याच्या धारेसमोरूनच गाडी पुलावरून जाते. पावसाळ्यांत त्याचे तुषार डब्यांच्या खिडक्यांपर्यंत येतात.

परंतु ज्या तहाच्या आधारें हे रूळ पडले तो तह १८९२ सालीं संपुष्टांत आला. त्याचें नूतनीकरण झालें नाहीं. जकातीच्या चौक्या पुन्हा उभ्या राहिल्या. सीमा पुसण्यासाठीं जो मार्ग निघाला त्याच मार्गावर सीमा अधिक ठळक झाली. अपेक्षेइतका मालही मुरगांवला येईना. व्याजाच्या हमीचा बोजा पोर्तुगीज खजिन्यावर पडत राहिला. अखेर १९०२ सालीं गाड्या चालविण्याचें काम सदर्न मराठा रेल्वेकडे सोंपविण्यांत आलें.

अशा स्थितींत मुंबईच्या गोमंतकीय कुटुंबास गांवीं जावयाचें असे, तेव्हां पहिला प्रश्न ऋतूचा. उन्हाळ्यांत आगबोटीनें पणजीस जाणें सोयीचें. परंतु पावसाळ्यांत आगबोटी बंद राहत, तेव्हां आगगाडीवांचून गत्यंतर नसे. पुण्यास पहिला बदल. मुंबईचा मार्ग रुंद, पुढील मार्ग एक मीटर रुंदीचा. म्हणून माणसें आणि सामान दोन्ही एका गाडींतून दुसऱ्या गाडींत न्यावीं लागत. मिरजेस पुष्कळ लोक मुक्काम करीत. कोणी तेथून कोल्हापुरास अंबाबाईच्या दर्शनास जाई, कोणी तंबोरा घेण्यासाठीं तंतुवाद्यें करणाऱ्या कारागिरांच्या दुकानीं थांबे, तर कोणी आजारी माणसास तेथील मिशनच्या प्रसिद्ध रुग्णालयांत दाखवी. पुढें बेळगांव. १९२४ सालीं महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं काँग्रेसचें अधिवेशन भरलें तें याच नगरींत. नातेवाइकांकडे एक रात्र काढून मंडळी लोंढ्याच्या गाडींत बसत. लोंढ्यास वाटा फुटत: एक धारवाड-हुबळीकडे, दुसरी घाटाकडे.

खरी परीक्षा पुढेंच असे. इंग्रज हद्दीची जकात कॅसलरॉकला, पोर्तुगीज हद्दीची कुळ्यास. एकाच प्रवासांत दोनदां ट्रंका उघडाव्या लागत. पलीकडे नाणेंही निराळें. १६ टांगांचा एक रुपया. लग्नाचें सामान नेणाऱ्यांस ही तपासणी विशेष जाचे. शांतादुर्गेच्या वा मंगेशाच्या जत्रेस निघालेला हिंदू आणि सेंट झेवियरच्या सणास निघालेला ख्रिस्ती, दोघेही त्याच रांगेंत उभे राहत.

पुढें या चौकीस राजकीय अर्थ आला. १८ जून १९४६ रोजीं डॉ. राममनोहर लोहिया यांनीं मडगांव येथें नागरी स्वातंत्र्याच्या लढ्यास तोंड फोडलें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत ते आगगाडीनें पुन्हा गोव्यांत येत असतां कुळें स्थानकावरच त्यांना अटक झाली. १९४७ सालीं इंग्रज गेले. सीमा मात्र राहिली. १५ ऑगस्ट १९५५ रोजीं गोव्यांत शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनीं गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारत सरकारानें दळणवळण तोडलें आणि आगगाडी बंद झाली. मुंबईंत नोकरी करणारा मुलगा आणि गोव्यांत राहणारी आई यांच्यामध्यें घाटापेक्षांही उंच भिंत उभी राहिली. ती १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला तेव्हां कोसळली.

१९९० नंतरच्या दशकांत हा मार्गही रुंद करण्यांत आला. कॅसलरॉक आज कर्नाटकांत आहे, कुळें गोव्यांत. दोहोंमध्यें ट्रंक उघडावयास सांगणारा कोणी नाहीं. बहुतेक प्रवासी खिडकीशीं येतात ते दूधसागर पाहण्यासाठींच. त्या धबधब्यासमोरून जातांना हेंही आठवावें कीं, येथवर रूळ आणण्यास सात-आठ वर्षें पुरलीं, परंतु त्यांच्यावरून निर्वेध जाण्याचा हक्क मिळण्यास आणखी सत्तरांहून अधिक वर्षें लागलीं.