झेंडूच्या उग्र गंधाचा इतिहास

1552 साली मेक्सिकोतील त्लातेलोल्को येथील विद्यालयात मार्तीन दे ला क्रूस या अ‍ॅझ्टेक वैद्याने सिद्ध केलेल्या आणि हुआन बादियानो याने लॅटिन भाषेत उतरविलेल्या वनौषधिग्रंथात झेंडूच्याच प्रजातीतील याउत्ली या सुगंधी वनस्पतीचे औषधी प्रयोग नमूद आहेत. अर्थात 1753 साली लिनीयसने या प्रजातीचे शास्त्रीय नामकरण करण्याच्या दोनशे वर्षे आधीच त्या मुलखातील वैद्यांस या वनस्पतींचे गुण पुरते अवगत होते.

पुढे पोर्तुगीज जहाजांवाटे ज्या अमेरिकन वनस्पती गोव्याच्या किनाऱ्यास लागल्या, त्यांच्या पंक्तीत झेंडूही आला, आणि विजयादशमीच्या तोरणात त्याने असे अढळ स्थान मिळविले की त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानीही राहिले नाही. परंतु हा सारा मान रंगाचा होता. कनोजच्या देग-भपक्यांतून झेंडूचे अत्तर निघत असले, तरी गुलाब-केवड्याची प्रतिष्ठा त्या उग्र दर्पास अत्तराच्या पेठेत कधीच लाभली नाही.

त्या दर्पाचे मर्म रसायनशास्त्राने उकलले. रानझेंडूच्या बाष्पनशील तेलात ओसिमीन, तॅजेटोन आणि डायहायड्रोतॅजेटोन ही द्रव्ये प्रामुख्याने आढळतात, तर मखमली झेंडूच्या तेलात पायपेरिटोन, पायपेरिटिनोन आणि टर्पिनोलीन. आणि 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातील रानटी मखमली झेंडूच्या फुलांच्या तेलाने फळांवर करडी व हिरवी बुरशी आणणाऱ्या दोन कवकांची वाढ रोखल्याचे दिसून आले. याखेरीज 1947 साली झेंडूच्या पाकळ्यांतून अल्फा-टर्थायनिल हे गंधकयुक्त द्रव्य वेगळे करण्यात आले, आणि 1958 साली डच संशोधकांनी झेंडूच्या मुळांतील अशाच द्रव्यांची सूत्रकृमिनाशक शक्ती सिद्ध केली. झेंडूच्या लागवडीने जमिनीतील सूत्रकृमी का हटतात, याचा उलगडा त्यातून झाला.

प्रयोगशाळेतील यश म्हणजे रोगावरील सिद्ध औषध नव्हे, हा विवेक राखणे अवश्य आहे. तथापि दसरा सरताच भाव कोसळून ज्या रयतेस पिकलेली फुले बांधावर टाकावी लागतात, तिच्यासाठी या तेलाच्या ऊर्ध्वपातनाची आणि फळांच्या साठवणुकीतील त्याच्या उपयोगाची कसून परीक्षा आपल्या कृषिविद्यालयांनी केली पाहिजे. कारण ज्या गुणाला आपण केवळ उग्रपणा म्हणून दूर लोटले, तोच या वनस्पतीचा सर्वांत मौल्यवान ठेवा आहे.