मार्कंड्याचा सातबारा हेमाडपंतांच्या नावे

महाशिवरात्रीच्या यात्रेत गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीहून मार्कंड्याकडे निघालेल्या कोणालाही विचारा, ही देवळे कोणी बांधली? एक जण म्हणेल, हेमाडपंतांनी. दुसरा म्हणेल, दानवांनी, एका रात्रीत. दानवांचे नाव पुढे कोणी नेले नाही. हेमाडपंतांचे मात्र पुस्तकांत शिरले आणि ‘हेमाडपंती’ हा शब्द जुन्या दगडी देवळाचे दुसरे नाव होऊन बसला.

हेमाडपंत म्हणजे देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे दफ्तर सांभाळणारा प्रधान, हेमाद्री. ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा धर्मशास्त्राचा प्रचंड ग्रंथ त्याचा. काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. मार्कंड्याची देवळे अभ्यासक साधारण दहाव्या ते बाराव्या शतकात ठेवतात. म्हणजे हेमाद्री जन्मण्याआधीच इथे घंटा वाजत होती. अंबरनाथच्या शिवालयाचीही तीच गत: तिथला शिलालेख शके 982 चा, म्हणजे 1060 सालचा, शिलाहारांचा, तरी देऊळ ‘हेमाडपंती’च.

मग नाव चिकटले कसे? लोकपरंपरेने या प्रधानाच्या खात्यावर पुष्कळ काही जमा केले आहे. मोडी लिपी त्याने आणली, बाजरी त्याने आणली, पत्राचे मायने ठरवणारे मेस्तक त्याचे. ज्याचा कर्ता ठाऊक नाही ते हेमाडपंताचे, असा जणू रिवाजच पडला. यादवांचा अंमल विदर्भातही होता. रामटेकला रामचंद्राच्या काळाचा शिलालेख आहे. त्यामुळे झाडीपट्टीतल्या देवळांनाही हे नाव सहज लागले. वैरागडच्या भंडारेश्वराची ओळखही लोक तशीच करून देतात.

या शब्दाला एक खरा आधार आहे, तो बांधणीचा. दगडांच्या सांध्यात चुना नाही. एका दगडाला खोबण, दुसऱ्याला तिच्यात बसणारा उंचवटा, आणि वरच्या थराचे वजन सगळ्यांना जागच्या जागी दाबून धरते. छतासाठी कमान नाही. प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकत जातो आणि मधली पोकळी मिटते. ही विद्या पाथरवटांच्या पिढ्यांची होती. हेमाद्रीच्या हयातीत ती जुनीच झाली होती.

दक्षिणेकडे वाहणारी वैनगंगा मार्कंड्याला वळून उत्तरवाहिनी होते, म्हणून हे तीर्थ. डाव्या तीरावरच्या एका आवारात लहानमोठी देवळे दाटली आहेत. मुख्य देऊळ मार्कंडेश्वराचे: अर्धमंडप, महामंडप, अंतराळ, गर्भगृह असा क्रम, आणि बाहेरच्या भिंतींवर मूर्तींच्या एकावर एक रांगा. 1870 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम इथे आले, तेव्हा त्यांना खजुराहो आठवले. नाते जोडायचेच तर उत्तरेच्या नागर परंपरेशी जुळते, देवगिरीच्या दरबाराशी नव्हे.

कनिंगहॅम यांनी नोंदवलेली हकिकत अशी: वीज पडून शिखराचा वरचा भाग ढासळला आणि महामंडपाचे छत फोडून आत आला. पुढे चांद्याच्या एका गोंड राजाने जाड खांब आणि कमानी घालून ते सावरले. मूळ देवळात कमान नव्हती, म्हणून ही डागडुजी चटकन ओळखू येते. दोन काळ, दोन विद्या एकाच छताखाली उभ्या आहेत. लोकांच्या तोंडी मात्र दोन्ही एकाच प्रधानाच्या नावे.

1931 साली प्रसिद्ध झालेल्या दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथात हेन्री कझिन्स यांनी दाखवले, की चुन्याविना बांधलेल्या जवळपास प्रत्येक जुन्या वास्तूला लोक हेच विशेषण लावतात. त्यालाही आता नव्वदहून अधिक वर्षे झाली. विशेषण जागचे हललेले नाही.

ते हलवायची गरजही नाही. फक्त ‘हेमाडपंती’ हे बांधणीचे नाव समजावे, बांधणाऱ्याचे किंवा काळाचे नव्हे. मार्कंड्याला गेलात तर मूर्ती पाहून झाल्यावर दोन दगडांमधल्या सांध्यावर बोट फिरवून बघा. ज्यांनी तो जुळवला, त्यांच्या नावाची नोंद कुठल्याच सातबाऱ्यावर नाही.