सीमॉय हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर

सीमॉय : खिशात मावणारा आणि घरी जुळवता येणारा सॉलिड-स्टेट हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर. अमेरिकेतील चू मोय यांनी 1990च्या दशकाच्या अखेरीस त्याचे सर्किट सर्वांसाठी खुले केले. त्यांच्याच नावाने ते ओळखले जाते. एक दुहेरी ऑप-अ‍ॅम्प आयसी, थोडे रेझिस्टर आणि कपॅसिटर, व्हॉल्यूमचा पॉट, दोन स्टिरिओ जॅक आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी एवढ्या सामानात तो तयार होतो. अल्टॉइड्स या पेपरमिंटच्या गोळ्यांची पत्र्याची डबी हे त्याचे रूढ घर ठरले.

उपयोग : हेडफोनचा इम्पीडन्स साधारण 16 ओहमपासून 600 ओहमपर्यंत असतो. जास्त ओहमच्या हेडफोनला व्होल्टेज लागते, कमी ओहमच्या हेडफोनला करंट. सेनहायझर एचडी 600 हा 300 ओहमचा हेडफोन मोबाइलला जोडला तर तो बहुधा दबलेला वाजतो. सीमॉयचा खरा फायदा अशाच हेडफोनला होतो.

सिग्नलचा मार्ग : आत आलेला सिग्नल 10 किलोओहमच्या लॉगरिदमिक पॉटमधून 0.1 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरकडे जातो. पुढे 100 किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जोडलेला असतो. या जोडीमुळे साधारण 16 हर्ट्झच्या खालचा भाग गाळला जातो आणि आधीच्या यंत्रातून आलेले डीसी अडते. फीडबॅकमध्ये 10 किलोओहम आणि 1 किलोओहम असल्याने गेन 11 पट होतो. आजच्या उपकरणांसाठी हा गेन फार आहे. बॅटरीवर आउटपुट जेमतेम 3 व्होल्टच्या शिखरापर्यंत जाते, म्हणजे इनपुट पाव व्होल्टच्या वर गेले की लाटांचे माथे कापले जातात. 10 किलोओहमच्या जागी 3.3 किलोओहम घातला की गेन 4.3 पट होतो, पॉट फिरवायला जागा मिळते आणि पार्श्वभूमीचा सूं आवाजही कमी होतो.

आभासी ग्राउंड : सीमॉयचा दर्जा मुख्यतः इथे ठरतो. ऑप-अ‍ॅम्पला धन आणि ऋण अशा दोन्ही बाजूंचा पुरवठा लागतो, बॅटरी मात्र एकच असते. म्हणून 4.7 किलोओहमचे दोन रेझिस्टर बॅटरीच्या दोन टोकांमध्ये ओळीने जोडतात आणि त्यांच्या मधल्या बिंदूला ग्राउंड मानतात. त्या बिंदूच्या दोन्ही बाजूंना 220 मायक्रोफॅरडचा एकेक कपॅसिटर असतो. असा ±4.5 व्होल्टचा पुरवठा तयार होतो. रेझिस्टरच्या जोडीतून एक मिलिअँपिअरहूनही कमी करंट वाहतो, त्यामुळे बॅटरीवर भार पडत नाही.

पण हेडफोनमधून परतणारा सगळा करंट याच बिंदूवर येतो. संगीताचा बदलता करंट दोन कपॅसिटर मिळून सांभाळतात. 32 ओहमच्या हेडफोनचे दोन्ही चॅनेल एकत्र धरले तर भार 16 ओहमचा होतो आणि 440 मायक्रोफॅरडसह खालची मर्यादा साधारण 23 हर्ट्झवर येते. तबल्याच्या बायाँची घुमक किंवा बास गिटारचे खालचे स्वर पुरे हवेत तर इथे 470 किंवा 1000 मायक्रोफॅरड घालणे चांगले. डीसीचा त्रास याहून मोठा आहे. आउटपुटवर केवळ 10 मिलिव्होल्ट डीसी राहिले तरी 32 ओहममधून सुमारे 0.3 मिलिअँपिअर वाहतो आणि एवढ्यानेच मधला बिंदू सुमारे 0.7 व्होल्ट सरकतो. मग एका बाजूची लाट आधी कापली जाते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीएलई2426 हा तीन पायांचा आयसी रेझिस्टरच्या जोडीची जागा घेतो आणि 20 मिलिअँपिअरपर्यंत करंट देऊ-घेऊ शकतो. सुधारणेवर पैसे खर्च करायचेच असतील तर ते आधी इथे करावेत.

आभासी ग्राउंड म्हणजे बॅटरीचे ऋण टोक नव्हे. ही गोष्ट विसरल्याने बरीच सर्किटे बिघडतात. जॅकची धातूची मान आभासी ग्राउंडला जोडलेली असते आणि पत्र्याच्या डबीला टेकते. बाहेरच्या पुरवठ्याच्या सॉकेटचे ऋण टोकही डबीला लागले तर अर्धा पुरवठा शॉर्ट होतो. गाणी वाजवणारे उपकरण आणि सीमॉय एकाच अ‍ॅडॉप्टरवर चालवले तरी हेच घडते. सॉकेट प्लॅस्टिकचे घ्यावे आणि डबीच्या तळाला जाड कागद किंवा इन्सुलेशन टेप लावावी.

आयसीची निवड : मूळ सर्किट बर-ब्राउनच्या ओपीए134 मालिकेभोवती रचलेले आहे. ही कंपनी 2000 साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घेतली. ओपीए2134 हा ±2.5 व्होल्टवरही चालतो, म्हणून बॅटरी उतरली तरी तग धरतो. त्याचा आउटपुट करंट साधारण 35 मिलिअँपिअरपर्यंत जातो, म्हणजे 32 ओहमवर सुमारे 20 मिलिवॉट. 4556 हा आयसी साधारण 70 मिलिअँपिअर देतो. आठ पायांचे सॉकेट लावले की आयसी बदलता येतात. आयसी बदलल्याने आवाजाचा पोत बदलतो की नाही, याविषयी तीव्र मतभेद आहेत. फार वेगवान आयसी मात्र झिरो पीसीबीवर ऑसिलेट होऊ शकतात. पुरवठ्याच्या पायांजवळ 0.1 मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर असावाच.

सुटे भाग : मुंबईत लॅमिंग्टन रोड (डॉ. भडकमकर मार्ग), पुण्यात बुधवार पेठेतील पासोड्या विठोबाचा परिसर. स्थानिक अ‍ॅम्प्लिफायरांच्या बास-ट्रेबल बोर्डांमुळे 4558 हा आयसी सहज मिळतो, पण हेडफोन चालवायला तो अपुरा पडतो. एनई5532 त्याहून बरा.

तपासणी : बॅटरी जोडल्यावर मल्टिमीटरने आभासी ग्राउंडपासून दोन्ही पुरवठे मोजावेत. ते जवळपास सारखे हवेत. मग दोन्ही आउटपुटवरील डीसी मोजावे. ते 20 मिलिव्होल्टहून जास्त असेल तर हेडफोन लावू नये. पहिली चाचणी स्वस्तातल्या इअरफोनवर घ्यावी.

बॅटरी : रिचार्जेबल ‘नऊ व्होल्ट’ बॅटरीचे प्रत्यक्ष व्होल्टेज बहुधा 7.2 किंवा 8.4 असते.

पुढची सर्किटे : 2011 साली एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाने लिहिणाऱ्या अभियंत्याने ओ2 हे सर्किट मोजमापांसह प्रसिद्ध केले. 2012 नंतर तो लिहिता राहिला नाही. ओ2मध्ये दोन बॅटऱ्या असल्याने ग्राउंड खरा असतो आणि आभासी ग्राउंडचा प्रश्नच उरत नाही. प्रत्येक चॅनेलसाठी 4556चे दोन भाग एकेका ओहमच्या रेझिस्टरमधून समांतर जोडलेले असतात, त्यामुळे आउटपुट इम्पीडन्स अर्ध्या ओहमच्या आसपास राहतो. पॉट गेनच्या टप्प्यानंतर येतो, म्हणून आवाज कमी केला की त्या टप्प्याचा सूंही कमी होतो. एक बॅटरी उतरली किंवा निघाली तर वेगळे सर्किट दोन्ही पुरवठे तोडते आणि हेडफोनवर डीसी जाऊ देत नाही. अमेरिकेतील जेडीएस लॅब्ज या कंपनीने आधी सीमॉय विकले, पुढे ओ2.

पहिल्यांदाच सोल्डरिंग गन हातात धरणाऱ्याने सीमॉय करावा. 32 ओहमचा हेडफोन रोज वापरणाऱ्याने मात्र थोडे अधिक कष्ट घेऊन ओ2च जुळवावा.