गावदप्तराचे घर

दख्खनच्या खेड्यांत जमीनमहसुलाची, वतनांची आणि गावखर्चाची कागदपत्रे ठेवण्यासाठी स्वतंत्र कचेरी असावी ही कल्पना फार जुनी नाही. त्याआधी कित्येक पिढ्या हे सारे दप्तर कुलकर्ण्याच्या राहत्या घरात असे, आणि म्हणून घर आवरणे व सरकारी काम आवरणे ही दोन्ही कामे एकाच छपराखाली, बहुधा एकाच माणसाच्या हातून होत. सोलापूरच्या आग्नेयेला सुमारे १५ किलोमीटरवर, मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा नित्य कानी पडणाऱ्या मुलखात वसलेले होटगी हे गाव आज रेल्वेच्या जंक्शनासाठी आणि वीरशैव परंपरेतील बृहन्मठासाठी ओळखले जाते. परंतु घरातली कचेरी आणि घराबाहेरची कचेरी यांचा इतिहास पाहायचा असेल, तर तो पाहण्यासाठी होटगीचा परिसर फार सोयीचा आहे, कारण वतनदारीच्या काळातील घरगुती दप्तर आणि एकोणिसाव्या शतकातील रेल्वेची कचेरी या दोन्ही व्यवस्था इथे काही दशके शेजारीशेजारी नांदल्या.

मराठा अमदानीत गावाचा कारभार पाटील आणि कुलकर्णी या दोन वतनदारांकडे असे. वतन म्हणजे विशिष्ट सेवेच्या मोबदल्यात वंशपरंपरेने मिळालेला अधिकार व त्यासोबतचे उत्पन्न. पाटील वसुली आणि बंदोबस्त पाही, तर कुलकर्णी लिहिण्याचे काम करी. गावाची बैठक चावडीवर भरत असली आणि रयतेचा हिशेब तिथे सर्वांसमक्ष होत असला, तरी काम संपल्यावर कागद कुलकर्ण्याबरोबर त्याच्या घरी जात. सोलापूरकडील माळवदी घरांत, म्हणजे लाकडी तुळयांवर माती घालून केलेल्या सपाट धाब्याच्या घरांत, दारातून आत आल्यावर लागणारा सोपा ही या कामाची जागा होती. तिथे बैठक अंथरलेली असे, समोर उतरत्या झाकणाची लिहिण्याची पेटी, तिच्यात बोरू, दौत आणि ओली शाई टिपण्यासाठी बारीक वाळू असे. चालू वर्षाचे कागद हाताशी असलेल्या कोनाड्यात किंवा फडताळात राहत. जुनी वर्षे मात्र आतल्या खोलीत, जमिनीपासून उंच आणि भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवली जात. वाळवी, कसर आणि उंदीर यांच्यापासून कागद वाचवण्यासाठी कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंड यांचा उपयोग होई, आणि ऊन देण्याचे कामही घरातील वार्षिक आवराआवरीबरोबरच उरकले जाई.

कागद बांधण्याची रीत अधिक लक्ष देण्याजोगी आहे. सुटे कागद विषयवार व वर्षवार एकत्र करून त्यांचे पुडके केले जाई, आणि अशी अनेक पुडकी चौकोनी जाड्याभरड्या कापडात घालून चारही टोके आवळून बांधली जात. या गाठोड्याला रुमाल म्हणत. पुण्याच्या पुराभिलेखागारात आजही मराठेशाहीचे कागद रुमाल क्रमांक आणि पुडके क्रमांक सांगूनच मागवावे लागतात, म्हणजे बांधणीची ही जुनी रीत आधुनिक अभिलेखागाराच्या सूचीतही टिकून राहिली आहे. हिशेबाचा ताव उभ्या घड्या घालून वापरत, त्यामुळे आखणी न करताही रकाने तयार होत आणि रकमा एकाखाली एक येत. मोडी लिपीचा उपयोग झरझर लिहिण्याच्या सोयीसाठी होता: आधी ताव भरून आडव्या रेघा ओढून घ्यायच्या आणि मग बोरू शक्यतो न उचलता त्या रेघांखाली अक्षरे सोडत जायची. वर्ष मोजले जाई ते मृग नक्षत्रापासून सुरू होणाऱ्या सुहूर सनाने, त्यामुळे पेरणीचे वर्ष आणि दप्तराचे वर्ष एकाच वेळी उघडे. शेतीवर चालणाऱ्या गावाला यापेक्षा योग्य वर्षारंभ सापडणे कठीण होते.

या रचनेमागे हिशेबाची जी साखळी होती ती गावात आणि पुण्याच्या हुजूर, म्हणजे पेशव्यांच्या, दप्तरात मुळात सारखीच होती. दिवसाच्या घडामोडी जशा घडल्या तशा रोजकीर्दीत उतरत; त्यांतून नावानिशी किंवा बाबवार नोंदी वेगळ्या काढून खतावणी तयार होई; खतावणीचा गोषवारा म्हणजे तेरीज; आणि वर्षअखेर जमा, खर्च व शिल्लक एका नजरेत यावी म्हणून ताळेबंद होई. गावपातळीवर यात जमीनझाडा, म्हणजे गावातील जमिनींची मालकवार यादी, आणि कोणत्या कुळाकडे किती येणे आहे हे सांगणारे कागद यांची भर पडे. परगण्याचा हिशेब ठेवणारा देशपांडे या कागदांशी आपले आकडे ताडून पाही. पेशव्यांच्या दप्तराला नाना फडणिसांच्या देखरेखीखाली जी काटेकोर घडी आली, तिची कीर्ती मोठी आहे. पण हुजुरात पोचणाऱ्या आकड्यांची मुळे अशा शेकडो सोप्यांवर लिहिलेल्या कागदांत होती, हे विसरले जाते. वरची व्यवस्था खालच्या व्यवस्थेइतकीच भरवशाची असू शकते, आणि १८०० मध्ये नाना वारल्यानंतर दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पुण्याचे दप्तर विस्कळीत झाले तेव्हाही गावोगावची घरगुती दप्तरे चालूच राहिली.

तथापि या शिस्तीचे गुणगान करून थांबणे अन्यायाचे होईल. दप्तर घरात असल्यामुळे ते घराची मालमत्ता झाले. वतनाला जितके हिस्सेदार, ज्यांना तक्षीमदार म्हणत, तितके दप्तराचेही दावेदार असत. काम पाळीपाळीने आले की कागद एका घरातून दुसऱ्या घरात जात, भाऊबंदकीत रुमाल विभागले जात, आणि एका शाखेने दुसरीला जुनी पुडकी दाखवू नयेत असेही होई. रयतेची स्थिती त्याहून वाईट होती. शेत तिचे, कष्ट तिचे, पण त्या शेताचा लेखी पुरावा दुसऱ्याच्या फडताळात, आणि तोही तिला वाचता न येणाऱ्या लिपीत. होटगीच्या भागात अनेकांची घरची भाषा कन्नड असल्याने मोडीतील मराठी कागद त्यांना दुहेरी परका होता. जमाबंदीसाठी दप्तर तालुक्याला न्यावे लागे तेव्हा ते ओझे वाहण्याचे काम गावकामगार महारांवर पडे, म्हणजे गठ्ठा खांद्यावर घेणाऱ्याला त्यात स्वतःच्या हाडोळ्याबद्दल, म्हणजे महार वतनाच्या जमिनीबद्दल, काय लिहिले आहे हे वाचण्याचा मार्ग नव्हता. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात भटकुलकर्ण्यांच्या लेखणीवर जो प्रहार केला, त्याचे मूळ या एकतर्फी व्यवस्थेत आहे. जो कागद लावतो त्यालाच तो उलगडता येतो, अशी रचना कितीही नीटनेटकी असली तरी तिला सार्वजनिक व्यवस्था म्हणता येत नाही.

मे १८१८ मध्ये कंपनीचा सेनानी मन्रो याच्या फौजेने सोलापूरचा किल्ला घेतला आणि हा प्रदेश कंपनी सरकारच्या हाती आला. नव्या राज्यकर्त्यांना जमीन कोणाची हे ठरवायचे होते आणि त्यासाठी लागणारा पुरावा घराघरांत होता. १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापुरापासून सुरू केलेल्या मोजणीमुळे शेताला सर्व्हे क्रमांक मिळाला आणि जमिनीची ओळख कुलकर्ण्याच्या स्मरणाबाहेर, नकाशावर आली. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनामांच्या हक्कांची छाननी करणाऱ्या इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हा इनामाची सनद दाखवा नाहीतर जमिनीवर आकारणी होईल, या धाकाने कित्येक घराण्यांचे रुमाल सोडवले गेले. कमिशनने खाजगी घरांतून गोळा केलेले हे कागद पुण्याच्या दप्तरात ‘जमाव’ या नावाने वेगळे ठेवलेले आहेत. ज्या घरात कागद नीट बांधून ठेवलेले होते त्या घराला आपला हक्क सिद्ध करता आला आणि जिथे वाळवीने काम केले होते तिथे पिढ्यांची वहिवाट संशयाची ठरली. एखाद्या कुटुंबाच्या नशिबाचा निर्णय फडताळाच्या अवस्थेवर व्हावा, इतके मोल घरगुती आवराआवरीला पूर्वी क्वचितच आले असेल.

कागद ही सत्ता आहे, हे रयतेलाही कळत होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेल्या दंग्यात शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या जिवावर कमी आणि त्यांच्या घरांतील खतांवर व वह्यांवर अधिक होता. कर्जरोखे हाती घेऊन जाळणे हा त्या उठावाचा मुख्य भाग होता. त्यानंतर १८७९ मध्ये झालेला दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, अहमदनगर, सातारा आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू करण्यात आला. त्यातील तरतुदींनी शेतकऱ्याच्या घरातही कागद पोचवला: खत गावनिबंधकासमोर लिहिले जावे, पैसे भरल्याची पावती मिळावी, मागितल्यास वर्षाचा हिशेब लिहून मिळावा आणि पासबुक ठेवता यावे. प्रत्यक्षात ही तरतूद किती पाळली गेली हा वेगळा विषय असला, तरी ज्याच्याबद्दल लिहिले आहे त्याच्याजवळही एक प्रत असली पाहिजे, हे तत्त्व इथे कायद्याच्या भाषेत आले, आणि आज पेटीत किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेल्या पावत्या त्याच तत्त्वाच्या वारस आहेत.

याच सुमारास होटगीला दुसऱ्या प्रकारची कचेरी आली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला आणि १८७१ मध्ये रायचूरला पोचली होती. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात धान्य पोचवण्याची साधने नसल्यामुळे माणसे मेली, हा अनुभव ताजा असताना दक्षिणेकडे विजापूर, बागलकोटमार्गे गदगला जाणारा मीटरगेज मार्ग आखला गेला. १८८२ मध्ये स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वे कंपनीने तो १८८० च्या दशकात बांधला आणि होटगी हे ब्रॉडगेज व मीटरगेज यांचे संगमस्थान झाले. दोन मार्गांची रुंदी वेगळी असल्याने एका गाडीतील माल उतरवून दुसरीत भरावा लागे, आणि प्रत्येक नगाची नोंद पाठवणाऱ्याकडे, घेणाऱ्याकडे आणि मधल्या जंक्शनात ठेवावी लागे. या कचेरीत बिल्टी, म्हणजे माल पाठवल्याची पावती, छापील होती, नोंदवह्यांचे रकाने आधीच आखलेले होते, आणि मुख्य म्हणजे स्टेशनमास्तर बदलून गेला तरी कागद तिथेच राहत. घराण्याच्या आठवणीवर चालणाऱ्या दप्तरापुढे ही व्यवस्था रूक्ष वाटली असेल. पण तिच्यात नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून काम करता येत होते, आणि हा तिचा मोठाच गुण होता.

महसुली दप्तरालाही हळूहळू तेच वळण लागले. १९०३ च्या मुंबई कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली. पुढे गावनमुने ठरले, म्हणजे गावच्या प्रत्येक प्रकारच्या नोंदीसाठी क्रमांक दिलेले ठराविक तक्ते, आणि त्यांतील सातवा व बारावा मिळून सातबारा उतारा झाला. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१८ मध्ये कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले, तेव्हा दप्तर घराबाहेर काढणे हा सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे हे उघडपणे मांडले गेले. मुंबई राज्यात परगणा व कुलकर्णी वतने रद्द करणारा १९५० चा कायदा १ मे १९५१ पासून अंमलात आला आणि सोलापूर जिल्ह्यातील गावदप्तरही पगारी तलाठ्याकडे गेले. त्यानंतरही कित्येक ठिकाणी तलाठ्याला बसायला जागा नसल्यामुळे कागद त्याच्या भाड्याच्या खोलीत राहिले, हे खरे. पण ते आता त्याच्या वारसांना मिळणारे नव्हते. १ मे २०१८ रोजी महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला आणि शेतकऱ्याला आपल्या नोंदीची प्रत कोणाच्या दारात न जाता मिळू लागली.

वतन गेले तरी जुने रुमाल मात्र बहुतेक घरांत तसेच राहिले, कारण नव्या नमुन्यांना त्यांची गरज नव्हती आणि मोडी वाचणारी पिढी संपत आली होती. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे अशाच घरांच्या माळ्यांवर फिरले. १८९८ मध्ये त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेच्या पटवर्धनांचे दप्तर प्रकाशात आणले. मात्र संशोधकांचे लक्ष स्वाभाविकच लढाया आणि राजकारण यांच्या पत्रांकडे गेले. दुष्काळात कोणते शेत पडीक राहिले, कोणत्या कुळाची बाकी तीन वर्षे निघाली नाही, विहिरीच्या डागडुजीला किती खर्च पडला, हे सांगणारे गावखर्चाचे कागद मागे पडले आणि रद्दीत गेले. सोलापूरसारख्या अवर्षणाच्या जिल्ह्याच्या इतिहासाला याच कागदांची सर्वाधिक गरज आहे.

म्हणून होटगी, अक्कलकोट, मंद्रूप किंवा कोणत्याही गावच्या ज्या घरात असा रुमाल अजून शिल्लक असेल, त्या घरातील मंडळींनी घर आवरताना तो फेकू नये, आणि नीट लावण्याच्या उत्साहात त्यातील पुडकी सोडून कागद एकमेकांत मिसळूही नयेत, कारण कोणता कागद कोणाशेजारी होता हाही पुरावाच असतो. फाटलेल्या कडांना चिकटपट्टी लावू नये, कागद प्लॅस्टिकमध्ये पक्के बंद करू नयेत. कोरड्या स्वच्छ सुती कापडात रुमाल पुन्हा बांधून, तो कोणत्या घराण्याचा आणि कोणत्या गावचा एवढे चिठ्ठीवर लिहून ठेवावे आणि पुण्याच्या पुराभिलेखागाराला, भारत इतिहास संशोधक मंडळाला किंवा जवळच्या विद्यापीठातील मोडी जाणणाऱ्या अभ्यासकाला एकदा तरी दाखवावा.