तळटीप : ‘एशियन सर्व्हे’ आणि प्रभावांक

* रजनी कोठारींचा काँग्रेस व्यवस्थेवरचा लेख ‘एशियन सर्व्हे’च्या डिसेंबर १९६४च्या अंकात आला. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हे नियतकालिक तेव्हा जेमतेम तीन-चार वर्षांचे होते. पुढे भारतीय पक्षपद्धतीवर लिहिणाऱ्या क्वचितच कोणी हा लेख टाळला. वाद घालायचा तरी आधी त्याचे नाव घ्यावेच लागते. लेखकाने वर ज्याचा दाखला दिला आहे तो ‘प्रभावांक’ मात्र या लेखाला ओळखतच नाही. युजीन गारफील्ड यांच्या या हिशेबात, समजा २०२३चा आकडा हवा असेल, तर २०२१ व २०२२च्या लेखांचे २०२३मध्ये झालेले उल्लेख मोजतात आणि त्या दोन वर्षांतल्या लेखसंख्येने भागतात. प्रयोगशाळेतल्या विषयांना हे एक वेळ ठीक. राज्यशास्त्रात एखादी मांडणी रुजायलाच दहा-दहा वर्षे जातात. शिवाय मोजदाद सूचीतल्या नियतकालिकांपुरती, आणि ती बहुतांशी इंग्रजी. ‘समाज प्रबोधन पत्रिके’त कोठारींवर कितीही काथ्याकूट झाला तरी या वहीत त्याची नोंद नाही. मुळात प्रभावांक हा नियतकालिकाचा आकडा, लेखाचा नव्हे. प्राध्यापकांच्या बढतीच्या अर्जात तो एकेका लेखापुढे लिहायला लावतात, ते चूकच. — संपा.