तीन सेकंदांचें क्षेमालिंगन

अमेरिकेंतील किशोरवयीन मुलें-मुली शाळेंत भेटतांच एकमेकांस आलिंगन देऊं लागलीं, हें तेथील वडील मंडळींस प्रथम चमत्कारिक वाटलें. २००७ सालीं इलिनॉय संस्थानांतील ओक पार्क येथील एका शाळेनें, येण्याजाण्याच्या वाटा अडतात या कारणास्तव, आलिंगनास बंदी केली. २००९ सालीं ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें या चालीवर लेख प्रसिद्ध केला, कांहीं शाळांनीं आलिंगनास तीन सेकंदांची मर्यादा घातल्याचें त्यावरून कळतें. वाचकांस हसूं येईल. परंतु अभिवादनावर निर्बंध घालण्याची ही हौस फार जुनी आहे.

रोमचा बादशहा टायबीरियस (इ. स. १४–३७) यानें भेटींतील रोजच्या चुंबनांस हुकुमानें मनाई केली. तथापि त्याच शतकाच्या अखेरीस कवि मार्शल अशा चुंबनांच्या उपद्रवाची तक्रार करीतच आहे! १४९९ सालीं इंग्लंडांत गेलेल्या इरॅस्मसला, तेथील स्त्रिया येतां-जातां पाहुण्यास चुंबन देतात याचें मोठें कौतुक वाटलें. पुढें तोच इंग्रज समाज स्पर्शाविषयीं इतका संकोची झाला, कीं हस्तांदोलन हीच सभ्यतेची परिसीमा, असें त्यांचे ग्रंथ वाचून आम्हांसही वाटूं लागलें.

परंतु हस्तांदोलनाची तरी पूर्वपीठिका काय? सतराव्या शतकांतील क्वेकर पंथाचे लोक वरिष्ठांपुढें टोपी काढीत नसत, वांकत नसत. लहानथोर सर्वांस सारखाच हात देत. १६७० सालीं लंडनच्या न्यायालयानें टोपी न काढल्याबद्दल विल्यम पेन यास दंड केला. आज जो शिष्टाचार, तो त्या काळीं उर्मटपणा होता.

यावरून आम्हांस असें वाटतें कीं, वडिलांचा आक्षेप वरवर स्पर्शावर असला, तरी पुष्कळदां त्याचें मूळ मानापमानांत असतें. वांकून केलेल्या नमस्कारांत लहानमोठेपणा टिकतो. आलिंगनांत दोघेही क्षणभर समान होतात. पंढरीच्या वाटेवर वारकरी परस्परांच्या पायां पडतात व उराउरी भेटतात, त्यांतील मर्म हेंच. आपला ‘क्षेमालिंगन’ हा शब्दही, भेटणाऱ्याचें कुशल चिंतणें हा या स्पर्शाचा हेतु, असें सुचवितो. २०२० सालच्या साथींत सर्वांचेच हात आंखडले, तेव्हां त्याचें मोल वडिलांसही उमगलें.

मात्र एक गोष्ट विसरतां कामा नये. ज्या मुलास वा मुलीस हा स्पर्श नको असेल, त्यांनीं दुरून हात जोडले तर त्यांस कोणी माणूसघाणें म्हणूं नये. चाल रूढ झाली कीं तिची सक्ती होते, आणि समवयस्कांची सक्ती वडिलांच्या मनाईइतकीच जाचक असते. शाळांनीं सेकंद मोजूं नयेत. समोरच्याच्या मनांत काय आहे तें ओळखून मग हात पुढें करावा, एवढें शिकविलें म्हणजे पुरे.